दाजींची साथ

दाजी साथीला बसले की माझं डोकं फिरायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इच्छापूरच्या भजनात त्यांच्या पेटीवाचून पान हलत नाही. मी बऱ्हाणपुरातल्या बँडवाल्याचा मुलगा, वडिलांची क्लॅरिनेट फुंकत म्हातारा झालेला.

मोबाइलवर एकदा एक जुनी जर्मन रचना ऐकली आणि वेड लागलं. त्यात क्लॅरिनेटच्या जोडीला बॅसेट हॉर्न असतो. तो क्लॅरिनेटचाच थोरला भाऊ, खर्जातला. दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलतात, तरी भांडण होत नाही. हा हॉर्न आमच्या गावात कुणी चित्रातही पाहिलेला नाही, म्हणून त्याचा भाग मी दाजींना पेटीसाठी सरगमीत लिहून दिला. मला घाई होती. माझे वरचे पुढचे दात हलत होते, डॉक्टर ते काढणार होते, आणि क्लॅरिनेटचं तोंड त्याच दातांखाली धरावं लागतं. त्याआधी हे दोन आवाज मला एकत्र ऐकायचे होते. एकदाच.

दाजींनी कागद समोर ठेवला आणि माझ्याच मागून चालू लागले. मी वाजवलं की तेच लगेच पेटीवर. भजनात बुवांच्या मागे जातात तसं.

"दाजी, तुमचं वेगळं आहे. कागदात बघा ना."

"बघून राहिलो ना. पण तू एकटाच पुढे चालला तर बरं नाही वाटत रे भाऊ. साथ म्हणजे साथ."

रोज हेच. समजावलं, चिडलो, बहिणीकडे गाऱ्हाणं नेलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत माझं ऐकलं नाही, तुझं काय ऐकतील?" पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी दात निघाले. कवळी बसल्यावर फुंकून पाहिलं, तर नुसती हवा.

परवा दाजी केळी घेऊन भेटायला आले. त्यांची पेटी आमच्याकडेच पडून होती. त्यांनी ती उघडली, तोच कागद लावला आणि वाजवायला लागले. बॅसेट हॉर्नचा भाग, जसा लिहिला होता तसा, एकही सूर न चुकता. मागे जायला आता कुणी नव्हतं ना. मला इतका राग आला की पेटी उचलून बाहेर ठेवावीशी वाटली.

मग क्लॅरिनेटची एकटीची जागा आली. दाजी थांबले आणि सवयीने माझ्याकडे पाहू लागले.