कॅपिटल की स्मॉल

परभणीत माती तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. पावतीवरचा नंबर टाकला की अहवाल सापडावा, असा प्रोग्राम मीच लिहिला होता. नंबरात आधी गावाची तीन इंग्रजी अक्षरं, पुढे चार आकडे. ते ओळखणारा साचा, म्हणजे रेगेक्स, जेमतेम एका ओळीचा. त्या ओळीचा मला लय गर्व होता.

एके दिवशी बोरीची एक म्हातारी अहवालासाठी तिसऱ्यांदा एसटीनं आली.

"नमुना जमाच नाही," मी सांगितलं.

"मंग पिशवीत काय आणलं होतं मी, पीठ?"

"मावशी, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"मंग तू बोलायलास."

रांगेतली माणसं हसली. माझं डोकं फिरलं. नोंदी टाइप करणाऱ्या बाईंवर मी सगळ्यांदेखत घसरलो, "तुमीच काहीतरी घाण करून ठेवली असणार."

त्या उठल्या, माझ्या खुर्चीमागं आल्या आणि नंबर न टाकता मला अख्खी यादी उघडायला लावली. म्हातारीचा नमुना तिथंच होता. पावतीवर अक्षरं कॅपिटल, यादीत स्मॉल, एवढाच फरक. माझा साचा फक्त कॅपिटल ओळखायचा.

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कॅपिटल टाकू का स्मॉल," त्या म्हणाल्या. "मान वर न करता म्हणलात, कसंबी टाका."

"मला आठवत नाही," मी म्हणालो. आठवत होतं.

लहानमोठ्या अक्षरांत फरक करू नको, हे सांगायला साच्याच्या शेवटी एक इंग्रजी 'आय' लागतो. तो टाकला, अख्ख्या यादीवर शोध पुन्हा चालवला. बोरीचेच काय, पालम-पिंगळीचेही कितीतरी नमुने भराभरा वर आले. त्या माणसांना मीच परत पाठवलं होतं, काहींना तर ओरडून.

म्हातारीला अहवाल छापून दिला. तिनं तो उलटसुलट करून बघितला.

"पेरा झाला माझा. खतबी अंदाजानंच टाकलं. आता हे घेऊन काय करू?"

कागद टेबलावर टाकून ती निघून गेली. मी माफी मागितली नाही.

बाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. काम असलं की टेबलावर चिठ्ठी ठेवायच्या. मी ती वाचून फाडायचो. मी नोकरी सोडली तेव्हा निरोपाला सगळे आले, त्या आल्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच.