अक्षरं आत, पाठ बाहेर

रोमन अमलाखालच्या गॉलमधलं ते गाव बाळसं धरत होतं तेव्हा सिंतुस्मो पाथरवटाला मान वर करायला फुरसत नव्हती. नाट्यगृह, स्नानगृहं, वेशीबाहेर रस्त्याच्या दुतर्फा थडगी, सगळीकडे त्याचीच छिन्नी. येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून मेलेल्याचं नाव मोठ्याने वाचायचं, म्हणून तो अक्षरं चांगली खोल कोरायचा. बायको साक्रिला गेली तेव्हा तिच्या नावाखाली त्याने रिवाजाप्रमाणे जिवंतपणीच आपलंही नाव कोरून ठेवलं.

पुढे ऱ्हाइन नदीपलीकडच्या टोळ्यांनी अर्धं गाव जाळलं. उरलेल्यांनी घाईघाईने तट बांधायला घेतला. आणि दगड कुठले? थडग्यांचे!

एका सकाळी गाडीतून साक्रिलाचाच दगड उतरला.

"अक्षरं आत, पाठ बाहेर. आटप की म्हाताऱ्या!" मुकादम मात्तो ओरडला.

"मेल्या, ही माझी बायको आहे."

"आणि खालचं नाव कुणाचं?"

"माझं."

मात्तो हलक्या आवाजात म्हणाला, "मग नीट बसव, बाबा. परत कोण काढतंय?"

सिंतुस्मोने थापी उचलली. आधी तिच्या नावावर चुना लिंपला, मग स्वतःच्या. अक्षरं खोल होती. बुजवायला चुना फार लागला.