ओढा म्हणजे ओढा नव्हे

उस्तादांची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका बुजगावण्याच्या अंत्यविधीला. ते बुजगावणे माझ्याच हातून गेले होते, की उस्तादांच्या तोंडून, याचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही बालाघाटकर मध्य प्रदेशातच राहिलो, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत जी वेळेवर आठवेल ती, असा आमचा कारभार. श्री. गोविंदराव डोंगरवार मूळचे रामपायलीकडच्या शेतकरी घरातले. आग विझवण्याचे आणि जखमींना सांभाळण्याचे शिक्षण जबलपूरला घेऊन ते परतले आणि त्यांनी गावात स्वयंसेवकांचे पथक उभे केले. कवायत शिकवतात म्हणून सारे त्यांना उस्ताद म्हणू लागले. शाळेतून कोणीतरी जायला हवे म्हणून मी, मराठीचा मास्तर, त्या पथकात गेलो.

भातगिरणीच्या आवारात त्यांनी तणसाच्या बुजगावण्याला जुने धोतर नेसवले, रॉकेल शिंपडले आणि काडी लावली. कांबळ्याचे एक टोक माझ्या हातात, दुसरे छेदीलाल मिस्त्रींच्या. आम्ही ते बुजगावण्यावर टाकताच उस्ताद गरजले, "कंबल ओढा!" छेदीलाल हिंदी बोलणारे, हिंदीत ओढा म्हणजे पांघरवा, म्हणून ते कांबळे गुंडाळू लागले. मी मराठीचा; मराठीत ओढा म्हणजे खेचा, म्हणून मी जीव खाऊन खेचले. कांबळे माझ्याकडे आले आणि बुजगावण्याची राख झाली.

"मास्तर, तुमी काहून ओढून राह्यले?"

"उस्ताद, तुम्हीच ओढा म्हणालात!"

"मी ओढा म्हनलो, ओढा नाई म्हनलो!"

एवढे बोलून ते स्वतःच थबकले. मला वाटले, आता आपल्याला घरी पाठवतात. पण रागावणे त्यांच्या स्वभावातच नाही. ते गोंधळतात, आणि गोंधळले की विचार करू लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी शुद्ध मराठी हुकूम दिला, "झाका!" आता छेदीलाल कांबळे हातात धरून वाकले आणि ज्वाळांत डोकावून पाहू लागले. त्यांच्या मिशीचे टोक जळाले. "उस्ताद, झाँक लिया. अंदर तो घास है," असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुसरे बुजगावणेही गेले.

त्यानंतर उस्तादांनी जे केले ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही पुरते कळले आहे असे म्हणवत नाही. त्यांनी बोलणेच सोडले. लपेटा म्हणा, गुंडाळा म्हणा, असे मी परोपरीने सुचवले. शब्दांचा मास्तरच ना मी! ते म्हणाले, "मास्तर, घाबरल्यावर मानसाले कोनतीच भाषा येत नाई. हाताले शिकवू." मग रोज सकाळी आवारात मुक्यांची शाळा भरे. ते मागे उभे राहून आपले हात आमच्या हातांवर ठेवत. आधी माणसाला आडवे करायचे, कांबळे गळ्याकडून पायाकडे न्यायचे, म्हणजे ज्वाळा तोंडाकडे येत नाहीत. मग थंड पाणी, पुष्कळ. तेल नाही, तूप नाही. गावात तेव्हा भाजल्यावर तूप चोपडणारेच जास्त, त्यामुळे इथेही माझा गोंधळ होताच. पण हातांना कोणी मत विचारत नव्हते.

माणसासाठी वस्तू खर्ची घालताना उस्ताद मागेपुढे पाहत नाहीत. किरनापूरच्या रस्त्यावर बैलगाडीवरून पडलेल्या एका शेतकऱ्याच्या मोडल्या पायाला त्यांनी स्वतःची कोरी छत्री बांधली. ती परत आली नाही. मागायला का जात नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "जाईन ना. तो चालून राह्यला का, ते पाहाले."

दिवाळीच्या फराळाचे दिवस होते. आमच्या सौभाग्यवती, कुसुम, स्टोला पंप मारत होत्या. भडका उडाला आणि पदराने पेट घेतला. माझी आई ओरडली, "पदर ओढ रे तिचा, ओढ!" दारातून शेजारच्या शर्मा वहिनी ओरडल्या, "कंबल ओढाओ, मास्टरजी, ओढाओ!" एक म्हणत होती खेच, दुसरी म्हणत होती पांघरव, आणि माझ्या कानांत एकच शब्द घुमत होता. माझी बायको डोळ्यांदेखत जळत होती आणि त्या शब्दाचा अर्थ मला लागत नव्हता. मग काय झाले ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की कुसुम जमिनीवर आडवी होती, खाटेवरची सतरंजी तिच्या गळ्यापासून पायापर्यंत गेलेली होती, आणि मी घागर रिती करत होतो. आई तुपाची वाटी घेऊन आली, तिच्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो.

उस्ताद धावत आले. मी त्यांचे पाय धरले. ते संकोचून मागे सरले आणि म्हणाले, "कोनता हात पयले गेला, मास्तर?" मला सांगता येईना. त्यावर त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मी अधिकच गोंधळलो. चुकले की बरोबर आले, हे मी विचारले तेव्हा ते डोळे पुसत होते. कुसुमचा भाजलेला हात बरा होताच त्यांनी तिलाच बोलावले. "वयनी, आता बायांले तुमी शिकवा." ती म्हणाली, "हौ." गावातल्या कितीतरी बायका आज तिच्याकडून शिकल्या आहेत, अर्थात न बोलता.

गावाने आता उस्तादांचा सत्कार योजला आहे; त्या समारंभात त्यांना शाल द्यायचा मान सत्कार समितीने कुसुमला दिला आहे. सूत्रसंचालन हिंदीत आहे. तेव्हा निवेदक म्हणणार, "अब शाल ओढाइए," आणि मराठी मंडळी श्वास रोखून पाहणार, की बाई आता शाल घालते की खेचते. उस्ताद, आपण निर्धास्त असावे. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची खूण आहे आणि त्या हाताला भाषा लागत नाही. शाल गळ्याकडून खाली येईल, आपण शिकवलेत तशीच. तिची ऊब आपल्याला शतायुषी होईपर्यंत पुरो, आणि ती आपल्या खांद्यावरून कोणीही, कोणत्याही भाषेत, ओढू नये.