आबांचा वाळलेला चेहरा

शिल्पा तायडे मूळच्या दीपनगरच्या. बारावीनंतर भुसावळला एका फ्लेक्सवाल्याकडे कामाला लागल्या, तेव्हा मालकाने त्यांना बॅनरच्या कडांना रिंगा ठोकायला बसवलं. कॉम्प्युटरवर मुलं बसायची. एक दिवस डिझाइनर आलाच नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं. "मी करते," शिल्पा म्हणाल्या. मालकाला हसू आलं, पण दुसरा इलाज नव्हता. त्यानंतर त्या रिंगांकडे परत गेल्या नाहीत.

लग्न होऊन बोदवडला आल्या आणि स्टेशन रोडला स्वतःचं दुकान टाकलं. छपाईचं मशीन नाही. फाईल जामनेरला पाठवायची, फ्लेक्स दुसऱ्या दिवशी एसटीने येतो. म्हणजे पडद्यावर जे दिसतं, त्यावरच सगळा भरवसा.

या उन्हाळ्यात लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट ढिला झाला. मोठा मॉनिटर जोडायला त्यांनी जळगावहून यूएसबीचा डिस्प्ले ॲडॉप्टर आणला. चित्र आलं. अक्षरं जरा पसरट नि पुसट दिसत होती, पण लग्नसराई ऐन भरात होती. लॅपटॉपचा छोटा पडदा त्या फायली उघडायला ठेवत, काम मोठ्यावर करत.

त्यातच भिकन पाटील आला. वडील धनसिंग आबांची पंचाहत्तरी होती. आबांचा फोटो मोठ्या पडद्यावर फारच रुंद दिसत होता. मोबाइलवर काढलेला, नीट आला नसेल, असं समजून शिल्पाताईंनी तो थोडा दाबून घेतला आणि फाईल जामनेरला धाडली.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फरशीवर फ्लेक्स उलगडला. भिकनसोबत त्याची आई भिकुबाई आली होती. तिचं माहेर धुळ्याकडचं, बोली अजून तिकडचीच. ती वाकून बघत राहिली.

"हाऊ कोन शे व पोरी? मना घरना मानूस इतला वाळेल नही शे!"

खरंच, आबा महिनाभर आजारी असल्यासारखे दिसत होते. भिकनचा चेहरा पडला. "ताई, उद्या संध्याकाळी कार्यक्रम आहे."

"चूक माझी आहे, भाऊ. उद्या दुपारी नवा फ्लेक्स घेऊन जा," शिल्पाताई म्हणाल्या. आवाजात धाकधूक नव्हती.

ते गेल्यावर त्यांनी पडद्यावर एक वर्तुळ काढलं आणि फूटपट्टी लावली. ते आडवं जास्त भरलं, उभं कमी. तेच वर्तुळ लॅपटॉपच्या पडद्यावर नेलं तर चांगलं गोल. म्हणजे फोटोचा काही दोष नव्हता. मोठ्या पडद्यावर चित्र ताणलेलं दिसत होतं आणि त्या ते ताणलेलं चित्र दाबत बसल्या होत्या.

सेटिंगमध्ये रिझोल्यूशनची, म्हणजे चित्राच्या मापांची, यादी उघडली. मॉनिटर मोठा, पण यादीत दोन-तीन लहान आकडेच होते. ॲडॉप्टर विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "मॅडम, मॉनिटर जुना झाला असेल, नवीन घ्या."

"आधी बघते, मग घेते."

त्यांनी केबल बदलली. काही फरक नाही. शेजारच्या मोबाइल दुकानवाल्या पितांबरचा टीव्ही आणून जोडला. त्यावरही चित्र तसंच ताणलेलं. म्हणजे मॉनिटरही निर्दोष. उरला ॲडॉप्टर. तो माउस आणि पेनड्राइव्हबरोबर एकाच हबमध्ये खोचलेला होता. तिथून काढून थेट लॅपटॉपच्या निळ्या, जास्त वेगाच्या यूएसबीत लावला. यादी थोडी वाढली, पण मॉनिटरचा खरा आकडा अजून नव्हता.

मग त्यांनी ॲडॉप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारं सॉफ्टवेअर, तपासलं. जोडताना लॅपटॉपने आपोआप कुठलं तरी जुनंच घेतलं होतं. ते काढून टाकलं, बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवं उतरवलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. पडदा क्षणभर काळा झाला आणि उजळला. अक्षरं कातीव. यादीत योग्य आकडा. वर्तुळावर पुन्हा फूटपट्टी लावली, तर आडवं नि उभं सारखं.

"चला, आबा," म्हणत त्यांनी मूळ फोटो उघडला.

दुसऱ्या दिवशी भिकुबाईने नव्या फ्लेक्सवरून हात फिरवला, हसली आणि सुनेला दाखवायला लगेच निघाली.

शिल्पाताईंनी मात्र शटर अर्धं ओढलं. ॲडॉप्टर आल्यापासूनच्या फायली चाळल्या. बहुतेक नुसत्या अक्षरांच्या होत्या. एकीत फोटो होते. पंडित सरांच्या क्लासचा बॅनर, बसस्टँडसमोर लागलेला. गुणवंत मुलांचे सगळे चेहरे काकडीसारखे लांबट. त्यांनी तो सुधारून पुन्हा छापायला टाकला, आणि आल्यावर स्वतः घेऊन गेल्या.

पंडित सर गोंधळले. "अहो ताई, कुणाच्या लक्षातही आलं नाही. राहू द्या ना."

"माझ्या आलं ना, सर. शिडी आहे का तुमच्याकडे?"

सरांनी क्लासमधून शिडी आणली, बसस्टँडसमोर जुन्या बॅनरखाली लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. शिल्पाताईंनी पदर खोचला नि वर चढल्या.