टोपी काढणारा शेजारी

इकडं परदेशात मी पोराकडं राहतो, ओंगार गावी; शेजारी एक म्हातारा पाद्री राहतो. वय माझ्याएवढंच, पण चालतो ताठ, आणि कसं काय विचारलं, की ‘ग्रँड, ग्रँड’, म्हणजे झकास, म्हणतो. मला तो बघवत नाही.

लॉकडाऊनात तो कुंपणापलीकडे बसून, पाद्री होऊ घातलेल्या पोरांना टॅबलेटवर शिकवायचा. एकदा पडद्यावर कॅनडाची एक आदिवासी म्हातारी आली. नातीनं नंतर सांगितलं, तरुणपणी हा तिकडं मिशनच्या शाळेत मास्तर होता, तिला तिची भाषा बोलू द्यायचा नाही. सगळ्या पोरांदेखत तो उठला, टोपी काढली आणि काहीतरी बोलला.

‘काय म्हणतोय गं?’ मी नातीला विचारलं.

‘सॉरी म्हणतोय, आजोबा. माझं चुकलं म्हणतोय.’

‘मग ती?’

‘ती म्हणाली, रविवारी परत बोलू. अजून सांगायचंय.’

मी माझ्या थोरल्या लेकीला चौथीतून काढलं, गुरांमागं धाडलं. दर रविवारी ती भावाला फोन करते आणि बजावते, ‘बाबांना देऊ नको.’ या पाद्र्याला मात्र परत बोलायचं बोलावणं आलं.

त्या रविवारी फोन वाजला, तेव्हा मी टोपी काढून पोराशेजारी बसलो. फोन मागायला माझा हात काही पुढं झाला नाही. कुंपणापलीकडून म्हाताऱ्याचा आवाज येतच होता.