अर्धी सायकल

नोकरी सोडून पुण्याहून गावी आले तेव्हा मला अंथरुणातून उठवत नव्हतं. घरातली पहिली पदवीधर मी, पण मला काय होतंय ते मी आईला सांगू शकत नव्हते. ती एवढंच म्हणाली, चल, कोल्हापुरात दाखवून येऊ.

डॉक्टरांशी बोलताना मी सांगितलं की शाळेत असताना पेठ वडगावला सायकलनं जायचे. त्यांनी गोळ्यांच्या नावांखाली मराठीत लिहिलं: सायकल, रोज वीस मिनिटं.

आई चौथी शिकलेली. गोळ्यांची इंग्रजी नावं तिला वाचता आली नाहीत, ही ओळ आली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय म्हणजे हेही औषधच, असं तिनं धरलं. सकाळी म्हशींच्या धारा काढून झाल्या की विचारायची, "गोळी घेतलीस? आणि सायकल?" मन रमव, हिंमत धर, असं ती कधीच म्हणाली नाही.

पहिले चार दिवस सायकल राहिलीच. पाचव्या दिवशी मी म्हटलं, वीस मिनिटं माझ्यानं होणार नाहीत.

"मग अर्धी घे. तुझ्या आप्पास्नी बीपीच्या गोळीनं चक्कर याय लागली, तवा डॉक्टरनं अर्धीच केलती की."

अर्धीही जमेना, तेव्हा तिनं पाव केली. पाव म्हणजे दारापासून दूध डेअरीपर्यंत आणि परत. एवढंसंही आपल्याला जड जातंय, याची लाज वाटून मला रडू आलं.

"रडत गेलीस तरी लागू पडतंय," ती म्हणाली.

मी रडत गेले. पुढं कधी पाव, कधी अर्धी, एखाद्या दिवशी काहीच नाही. पुण्यात मी उत्साह यायची वाट बघत पडून राहायचे. इथं तो आला नव्हता, तरी पायडल फिरत होतं.

ऊसतोड संपत आली होती त्या दिवसांत एकदा मी डेअरी ओलांडून तशीच पुढं गेले, थेट ओढ्याच्या पुलापर्यंत. तिथं किती वेळ बसले कळलं नाही. फोन घरीच होता.

परत आले तर आई रस्त्यावर उभी होती, अनवाणी, हाताला पीठ लागलेलं. मला पाठवून ती निर्धास्त कामाला लागते, असं मी इतके दिवस समजत होते.

"कुठं गेलतीस?"

"पुलावर. पाणी बघत बसले."

तिचा चेहरा बघितला आणि आपण काय बोललो ते माझ्या ध्यानात आलं. मी घाईनं म्हटलं, "बगळे होते आई, पुष्कळ. म्हणून थांबले."

तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "उद्या मलाबी ने. मी बी बघती."

मी उतरून सायकल हातात धरून चालू लागले. तिनं मागचं कॅरियर धरलं, ते घर येईपर्यंत सोडलं नाही.