होल्डवरचा आवाज

गळ्याच्या कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून तिच्या नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जन्मभर जाहिरातींना आवाज देऊन पोट भरलेला माणूस. लोक त्याला आवाजवालेच म्हणत. आता घरात बोलायचं ते फक्त तिचं शिलाई मशीन.

दुखणं उलटलं. पुढच्या उपचारांना विमा कंपनीची मंजुरी हवी होती; त्याशिवाय रुग्णालय हात लावायला तयार नव्हतं. तिनं कंपनीला फोन लावला, आणि पलीकडून नवराच बोलला. "थोडा धीर धरा. तुमचं काम होईल."

 तिनं वळून पाहिलं, तर तो पलंगावर डोळे मिटून पडलेला. मग आठवलं, कंपनीचं हे होल्डवरचं रेकॉर्डिंग त्यानंच कधीकाळी केलं होतं.

त्यानंतर ती रोज फोन लावायची आणि स्पीकर चालू ठेवून शिवत बसायची.

"एवढं गोड तर लग्न ठरलं तेव्हासुद्धा माझ्याशी बोलला नाहीत हो," ती म्हणायची. तो हसायचा, पण नजर फोनवरून हलत नसे.

एका दुपारी आवाज मध्येच तुटला आणि खरीखुरी बाई बोलली. "ताई, मंजुरी आलीय. सोमवारी ॲडमिट करा. आणखी काही?"

तिचा जीव भांड्यात पडला. तरी फोन ठेववेना. "मला परत होल्डवर टाकाल का? थोडा वेळच."

बाई घुटमळली. "बरं."

खोलीत पुन्हा तो आवाज भरला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. आवाजाबरोबर नव्हे, आवाजाच्या किंचित आधी.